सातवी आज्ञा आणि फुकटचा चित्रपट

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक चित्रपट दाखविण्यात आला. योजना तरुण मंडळाची होती आणि तीमागील हेतू चांगलाच होता. ज्या वृद्धांना चित्रपटगृहाचे जिने चढवत नाहीत, ज्या आईबापांना मुलाबाळांसह पाच तिकिटांचा खर्च झेपत नाही, त्या सर्वांनी एक संध्याकाळ एकत्र घालवावी, दाराशी एक पेटी ठेवावी आणि तीत पडेल ती रक्कम आजारी वृद्धांच्या औषधपाण्यास द्यावी, असा बेत ठरला. सतरंज्या अंथरल्या गेल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली गेली, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने खिशातून अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह काढला, आणि त्याच आठवड्यात बेळगावात तिकीट लावून चाललेला मराठी चित्रपट आमच्या चादरीवर सुरू झाला. मध्येच एकदा चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून कोणा माणसाचे डोके हलत गेले. आपल्यांतलाच कोणी उठला असे समजून मागच्या मुलांनी 'खाली बसा' असा गलका केला. पण ते डोके आमच्यापैकी कोणाचे नव्हते. दूरच्या कोठल्याशा चित्रपटगृहात, ज्या खेळाच्या वेळी कोणी लपूनछपून तो चित्रपट टिपला, त्या खेळाच्या प्रेक्षकाचे ते होते. हे ध्यानात येताच सारे हसले. आम्हीही पुढच्या रांगेत बसून हसलो, हे येथेच कबूल केलेले बरे.

आठ दिवसांनी त्या मुलाची आई मिस्सेनंतर आम्हांस देवळाच्या पायरीशी भेटली. तिचा चेहरा उतरलेला होता. 'सर, पेपरात वाचलं, असल्या सिनेमापायी पोरांना पोलीस धरून नेतात म्हणे. आमच्या पोराला काही होणार तर नाही ना?' असे तिने विचारले. आम्ही आम्हांस ठाऊक होते तेवढा कायदा सांगून तिची समजूत घातली आणि ती माउली थोडी निर्धास्त होऊन घरी गेली. परंतु रात्री आम्हांस चुटपुट लागली. तिने विचारले ते पोलिसांविषयी आणि आम्ही उत्तर दिले तेही पोलिसांविषयीच. सातव्या आज्ञेचे नाव तिने काढले नाही आणि दर रविवारी मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेणाऱ्या आम्हीही काढले नाही. तो राहिलेला अर्धा भाग आज वाचकांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायद्याचेच पाहू; कारण त्याविषयी अज्ञान फार आणि भीती त्याहूनही फार.

आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे हलविणे होय. चित्रपटाची नक्कल करणारा मूळ प्रत हलवीत नाही. ती होती तेथेच राहते. म्हणून या अपराधास निराळा कायदा आहे, तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या ६३ व्या कलमानुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, तसेच पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. त्याच कलमात एक दयेची वाटही आहे. हक्कभंग जर धंद्याच्या नफ्यासाठी केलेला नसेल, तर पुरेशी आणि विशेष कारणे नमूद करून न्यायाधीशास याहून कमी शिक्षा देता येते.

पुढे २०२३ साली संसदेने १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सुधारणा करून या गुन्ह्यावर अधिक नेमके बोट ठेवले. चित्रपटगृहात बसून, नक्कल करण्याच्या हेतूने कॅमेरा वा फोन चालविणे, आणि बेकायदा प्रत नफ्यासाठी लोकांस दाखविणे, या दोन्ही गोष्टींना किमान तीन महिने कैद व तीन लाख रुपये दंड ठेवला. कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड चित्रपटाच्या एकूण निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. आम्हां सीमेवरच्या लोकांनी आणखीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्राच्या १९८१ च्या आणि कर्नाटकाच्या १९८५ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यांत झोपडपट्टी-दादा, हातभट्टीवाले आणि गुंड यांच्या पंक्तीस आता चित्रपटांच्या चोरट्या प्रती करणारेही बसविलेले आहेत. या कायद्यांखाली, खटला चालण्यापूर्वीच, माणसास बारा महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येते.

मग नुसता पाहणारा? त्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ साली 'ढिशूम' या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट खुलासा केला. बंद केलेल्या संकेतस्थळांवर जो इशारा झळकत असे, त्यात असा चित्रपट पाहणे हाही दंडनीय अपराध असल्याचा भास होत होता. न्यायमूर्तींनी सांगितले की, अपराध पाहण्यात नसून हक्कदाराच्या हिताला बाध आणील अशा रीतीने प्रती वाटण्यात, परवानगीवाचून जाहीर रीतीने दाखविण्यात, विकण्यात वा भाड्याने देण्यात आहे.

तेव्हा कायद्याच्या भाषेत आमच्या सभागृहाचा जमाखर्च असा. सतरंजीवरची आजीबाई निर्दोष. ज्याने प्रत उतरवून आणली आणि पुढे चार मित्रांना पाठविली, तो दोषास पात्र. आणि ज्या मंडळाने परवानगीवाचून तो खेळ सर्वांसाठी लावला, ते मंडळही दोषास पात्र, मग दारातली पेटी कितीही पुण्यकारक कार्यासाठी असो. त्या माउलीला आम्ही दिलेला धीर, आता पाहता, बराचसा उसनाच होता.

पोलीस पोरांना धरतात हेही खोटे नाही. केरळात २०१५ साली 'प्रेमम्' या मलयाळम चित्रपटाची प्रत इंटरनेटवर पसरली. परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे सेन्सॉरकडे, दिलेल्या प्रतीची खूण तीवर उमटलेली होती. ती इंटरनेटवर चढविल्याच्या आरोपावरून पोलिसांनी विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले, आणि नंतर मंडळाच्या तिरुवनंतपुरम येथील कार्यालयात हंगामी काम करणाऱ्या काही जणांना अटक केली. विश्वासाने हाती दिलेली वस्तू आतल्याच माणसांकडून बाहेर गेली, असा संशय होता. पुढचे काम मात्र कोवळ्या हातांनी, बहुधा मित्रांत मिरविण्याच्या हौसेने, केले.

येथे शिक्षेविषयी आमचे मत सांगणे आम्हांस प्राप्त आहे. शिक्षा असावी यात संशय नाही. जे लोक या प्रतींचा धंदा करतात, ते काही अन्नछत्र उघडून बसलेले नाहीत. प्रेक्षक फुकट बसतो. पण त्याची नजर जाहिरातदारांना आणि जुगाराच्या अड्ड्यांना विकली जाते. हैदराबाद पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये असे एक मोठे संकेतस्थळ चालविल्याच्या आरोपावरून एकास अटक केली. तेथे येणाऱ्यांना सट्ट्याच्या ॲपकडे वळविले जात असे, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. अशा धंद्यावर कायद्याने कठोर हात टाकावा. परंतु खटल्यावाचून बारा महिने अडकविणारे शस्त्र आणि सतरा-अठरा वर्षांचे अविचारी पोर यांची गाठ कधीही पडू नये, असे आम्हांस मनापासून वाटते. ६३ व्या कलमातील दयेची वाट शहाण्यांनीच ठेवलेली आहे. शिक्षा अपराधाच्या मापाची असावी, एवढे तरी ख्रिस्ती मनाने म्हटलेच पाहिजे. पण जो दया मागतो, त्याने आपली चूक चूक म्हणून आधी ओळखलेली असावी. आणि खरी अडचण तेथेच आहे. आमच्या घरांतून ती चूक वाटतच नाही.

ख्रिस्तसभेने चित्रपटाचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. अकरावे पायस यांनी १९३६ साली आणि बारावे पायस यांनी १९५७ साली या विषयावर परिपत्रके काढली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कसाधनांविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. या उपदेशाचा घरोघरी उरलेला सारांश एकच होता: काय पाहावे आणि काय पाहू नये. आमच्या पिढीने तो प्रश्न मनावर घेतला. मुलगा कोणता चित्रपट पाहतो याची चौकशी आम्ही करतो, त्यात अश्लील काही नाही ना हे आम्ही पाहतो. पण तो चित्रपट घरात आला कोठून, हा दुसरा प्रश्न आम्ही विचारीत नाही. सोज्ज्वळ चित्रपटही अप्रामाणिक वाटेने येऊ शकतो.

कायदा ज्यास सोडतो त्यास धर्मही सोडतो, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवरणात स्पष्टच म्हटले आहे की, नागरी कायद्याच्या कलमांत न बसले तरी, दुसऱ्याचे अन्यायाने घेणे वा ठेवणे त्या आज्ञेविरुद्ध आहे. उसने आणलेले मुद्दाम परत न करणे, सापडलेली वस्तू दडविणे, वाजवीपेक्षा कमी मजुरी देणे, हे सारे तेथे चोरीच्याच बाजूस मांडलेले आहे. आपण पाहणारे लोक पोलिसांच्या वहीत नसू; पण सद्सद्विवेकाच्या वहीत आपले नाव कोठे आहे, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.

या बाबतीत तरुणांचे जे आक्षेप आम्ही ऐकले, ते पोरकट म्हणून झटकून टाकण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, नक्कल केल्याने कोणाचे काही कमी होत नाही. आणि मी तिकीट काढून गेलोच नसतो, तर बुडाले ते काय? याला उत्तर असे की, चित्रपट ही भांड्यासारखी वस्तू नाही. ते काम आहे. न्हाव्याने दाढी केली, शिंप्याने सदरा शिवला, आणि आपण 'मी एरवी तुझ्याकडे आलोच नसतो' असे म्हणून पैसे न देता उठलो, तर त्याची कात्री वा वस्तरा आपण नेलेला नसतो. तरी आपण त्याचे घेतलेले असते. 'मी गेलोच नसतो' हे काही वेळा खरेही असेल. मग न जाण्याचा मार्ग मोकळा होताच. गेलो नसतो, पण पाहिला मात्र, यातील उत्तरार्धाची किंमत कोणी द्यावयाची?

दुसरा आक्षेप असा की, नट कोट्यधीश असतात आणि दिवे धरणाऱ्या कामगाराला त्याची मजुरी चित्रीकरणाच्या वेळीच मिळालेली असते. आपल्या शंभर-दोनशे रुपयांनी कोणाची चूल विझणार आहे? यात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दिवेवाल्याचा या चित्रपटाचा रोज बहुधा बुडत नाही. बुडतो तो पुढच्या चित्रपटाचा. मराठी निर्माता बहुधा एका चित्रपटाच्या उत्पन्नावर दुसऱ्याची जुळवाजुळव करतो. पहिला बुडाला तर दुसरा होत नाही, आणि न झालेल्या चित्रपटाचा रोज कोणालाच मिळत नाही. या धंद्याचा पायाच मुळी असल्या उसनवारीवर घातलेला आहे. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहून झाली, ही गोष्ट आपणां ख्रिस्ती लोकांस अभिमानाची वाटते. ती पुरी सांगावयाची तर पुढचेही सांगितले पाहिजे. ते शिक्षण व यंत्रसामग्री यांसाठी १९१२ साली लंडनला गेले, ते आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकून. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तो पत्नी सरस्वतीबाईंच्या श्रमांवर. त्या फिल्मला भोके पाडीत, ती रसायनांत धुवीत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधीत. पडद्यावर दिसते त्याच्यामागे असा एक स्वयंपाक नेहमीच असतो.

तिसरा आक्षेप आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ओठांवर असेल, आणि तो आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबे म्हणतात, 'आमच्या गावी मराठी चित्रपट येतच नाही. आला तर दोन दिवस, तोही सकाळच्या आडवेळी. मग आम्ही आमची भाषा ऐकावी कशी?' ही तहान खरी आहे. पण ती अशा रीतीने भागविल्याचा परिणाम पाहा. वितरक कोणत्या गावी चित्रपट पाठवावयाचा हे ठरवितो ते तिकीटविक्रीच्या आकड्यावरून. फोनवर चोरून पाहिलेला चित्रपट कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. शंभर मराठी कुटुंबांनी तो घरी बसून पाहिला, तरी त्या गावी मराठी प्रेक्षक शून्य, असेच कागद सांगतो. म्हणजे आपल्या भाषेची माणसे येथे राहतात, याचा पुरावा आपण आपल्याच हातांनी पुसतो, आणि वर चित्रपट येत नाही म्हणून तक्रार करतो.

आणि दारिद्र्य? खरोखर ज्याच्या घरी तिकिटास पैसा नाही, त्याच्याशी आम्ही कठोर बोलणार नाही. आत्यंतिक गरजेच्या वेळी, दुसरा उपायच नसता, भुकेल्याने अन्न घेतले तर ती चोरी नव्हे, असे ख्रिस्तसभाच शिकविते. पण करमणूक ही भूक नव्हे. शिवाय, ज्या फोनवर हे चित्रपट उतरविले जातात, त्या फोनची किंमत बहुतेक घरांत आम्हांस ठाऊक आहे.

येथे वडीलधाऱ्यांस दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण सारा दोष मुलांवर ढकलतो. परंतु कित्येक घरांत 'बाळा, तो नवा सिनेमा लावून दे रे' ही फर्माईश आजोबांची, आत्याची, स्वतः आईची असते. मुलगा केवळ हुकूम पाळतो, आणि त्याबद्दल 'आमचा बाळ फार हुशार' अशी शाबासकीही मिळवितो. हुशारीचा हा पहिला धडा त्यास आपल्याच माजघरात मिळालेला असतो. उद्या तोच मुलगा कचेरीत बसून दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर खपवू लागला, तर त्याने हे कोठे शिकले असे विचारण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.

मग आम्ही आमच्या सभागृहाच्या बाबतीत काय केले? जक्कयाने प्रभूपुढे उभे राहून चौपट परत करण्याचे वचन दिले. आमच्या तरुण मंडळाची ऐपत एकपट देण्याचीही नव्हती. फादरांच्या अनुमतीने मंडळाची बैठक बोलाविली. त्या रात्री सुमारे सत्तर माणसे होती. गावातील सर्वांत स्वस्त तिकिटाचा दर धरून हिशेब केला, तेव्हा निघालेली रक्कम पेटीत पडलेल्या रकमेच्या कितीतरी पट होती. पेटीतील पैसा औषधांत खर्च झाला होता, आणि आजाऱ्यांकडून तो परत घेणे हा दुसरा अन्याय झाला असता. तेव्हा जमलेल्या मोठ्या माणसांनी आपापल्या तिकिटाचे पैसे द्यावेत आणि मुलांचे व वृद्धांचे मंडळाने हप्त्याहप्त्याने भरावेत, असे ठरले. आम्ही आमचे तिकीट पहिल्याने ठेवले. त्यात औदार्य काही नाही, पुढच्या रांगेचे ते देणेच होते. तो चित्रपट तोवर गावातून उतरला होता. म्हणून निर्मात्यास सर्व हकीकत लिहून रक्कम कशी पाठवावी असे विचारले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. आमचे पत्र वाचून तेथील मंडळी हसली असतील, असे एक जण म्हणाला. हसली असल्यास हसोत. पैसे निराळे ठेवलेले आहेत.

इतर धर्मग्रामांच्या उपयोगी पडावे म्हणून एक माहिती देतो. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांपुढे वा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नाटक केले, तर कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने त्यास सूट दिली आहे. ही सूट साहित्य, नाट्य आणि संगीत यांना आहे, चित्रपटाला नाही. म्हणून सणासुदीला मुलांकडून नाटक बसवून घ्यावे, हा जुना मार्ग कायद्यालाही मान्य आहे. चित्रपटच दाखवावयाचा असेल, तर हक्कदाराची लेखी परवानगी मागावी. चित्रपटाचा स्वतःचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. मात्र जुन्या चित्रपटातील कथा व गीते यांचे हक्क निराळे असू शकतात, म्हणून तेथेही चौकशी करून घ्यावी. घरी पाहावयाचे असेल, तर दोन महिने थांबण्याची सवय लावून घ्यावी. बहुतेक चित्रपट थोड्या दिवसांनी रीतसर आणि स्वस्तात घरी येतातच. आमच्या लहानपणी एका चित्रपटासाठी सुट्टीपर्यंत वाट पाहावी लागे, आणि त्या वाट पाहण्यातही एक गोडी होती.

परवा ती माउली पुन्हा भेटली. मुलगा दर महिन्यास आपला हप्ता मंडळाच्या वहीत मांडतो, असे तिने सांगितले. तो शिकवणी घेतो, त्यातून तो देतो. पोलिसांची गोष्ट या वेळी निघाली नाही. ती एवढेच म्हणाली, 'सर, त्या दिवशी माझंही एक तिकीट होतं की. ते मी दिलंय बरं का.' ज्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला त्या दिवशी द्यावयास हवे होते, ते तिने आपले आपणच शोधून काढले होते.